खेळाडू विद्यार्थी आणि ‘ग्रेस’चा गुंता : साताऱ्यातून पाहताना

दहावीतला खेळाडू म्हटला की सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत पहिला प्रश्न येतो, “खेळाचे मार्क किती मिळणार?” म्हणजे स्पर्धा खेळल्याबद्दल निकालात मिळणारे जादा गुण. झोप किती होते, गुडघा कुणाला दाखवला, बुडालेले तास कोण भरून देणार, हे प्रश्न त्याच्या मागे रांगेत उभे असतात. ही रांग अशी का लागली हे समजायला अलीकडची वीसेक वर्षे जास्त उपयोगी पडतात. त्याआधीचे थोडक्यात.

तालमीत गेलेल्या पोराची शाळा सुटायची, ही जुनी रीत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवानाने, खाशाबा जाधवांनी, ती मोडली. कराडात शाळा, कोल्हापुरात कॉलेज आणि 1952 साली हेलसिंकीत ब्राँझपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण एका भल्या माणसाच्या घरावर अवलंबून असलेला आधार म्हणजे व्यवस्था नव्हे, हेही त्याच गोष्टीत आहे. खरे तर व्यवस्थेचा नमुना साताऱ्यातच होता. 1924 साली इथे सुरू झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहून, काम करून शिकत होती. राबणाऱ्या मुलाचे जेवण, झोप आणि अभ्यास एकाच छपराखाली बघितला जात होता. खेळणाऱ्या मुलांसाठी राज्याने निवासी क्रीडा प्रबोधिनी काढल्या त्या थेट नव्वदच्या दशकात, आणि त्यातल्या जागा मोजक्या. बाकीची मुले घरी राहून, एसटीने ये-जा करत खेळत राहिली.

या बाकीच्या मुलांना राज्याने जे दिले ते प्रामुख्याने गुण. दहावी-बारावीच्या निकालात स्पर्धेच्या पातळीनुसार, जास्तीत जास्त 25. शाळेने प्रस्ताव करायचा, क्रीडा कार्यालयाने तपासायचा, परीक्षा मंडळाने गुण लावायचे.

इथे शब्दाचा घोळ आहे आणि तो साधा नाही. सरकारी कागदावर ‘सवलतीचे गुण’, शिक्षकांच्या बोलण्यात ‘क्रीडा गुण’, घरात ‘खेळाचे मार्क’ आणि सगळीकडे सर्रास ‘ग्रेस’. पण थोडक्यात नापास होणाऱ्याला वर काढायला मंडळ जे गुण देते, त्यांनाही ‘ग्रेस’च म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टी, नाव एक. त्यामुळे नव्वद टक्क्यांची, राज्यपातळीवर धावलेली मुलगीही वर्गात ‘ग्रेसवाली’ ठरते, जणू तिला कुणी ढकलून पास केले. ‘सवलत’ हा शब्दही तसाच. सवलत गरजूला देतात, कमावणाऱ्याला नाही. चार वर्षे पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलीने ते गुण कमावलेले असतात. माझ्या मते ‘क्रीडा गुण’ हाच एक शब्द सगळीकडे वापरायला हवा, निदान शाळेच्या फलकावर तरी.

विरोधी बाजूही आहे. गुण केवळ मान्यताप्राप्त खेळांनाच मिळतात, म्हणून ज्या खेळात गर्दी कमी तिकडे मुलांना वळवले जाते, असे अनेक क्रीडाशिक्षक बोलून दाखवतात. अभ्यासात मेहनत करणाऱ्यावर अन्याय होतो, असेही पालक म्हणतात. या वादात वर्षे गेली आणि मूळ अडचण तशीच राहिली. गुण निकालात येतात. मुलाची ओढाताण मात्र त्याच्या कितीतरी आधी होते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात: आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, दिवाळीच्या आगेमागे राज्य, पुढे राष्ट्रीय. तोवर पूर्वपरीक्षा येते, दहावी-बारावीच्या परीक्षेचा फेब्रुवारी उजाडतो. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेला गेलेल्या दहावीच्या नेमबाजाचे चुकलेले पेपर नंतर घेतले. परीक्षेची तारीख खेळाडूसाठी हलू शकते, हे त्यातून मान्य झाले. मला ते 25 गुणांपेक्षा मोलाचे वाटते.

त्याच सुमारास केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेतून निवडक खेळाडूंवर वर्षाला 5 लाख रुपये, आठ वर्षे, खर्च करण्याची घोषणा झाली. निवड झालेल्यांचे चांगलेच झाले. पण निवड व्हायच्या आधीची वर्षे कुटुंबाच्याच खिशातून जातात. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला 17 वर्षांची सातारची मुलगी तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत, साताऱ्यात सराव करणाऱ्या नागपूरच्या मुलाने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवून सुवर्ण जिंकले. दोघांचा सराव उसाच्या रानातल्या मैदानावर. मुलीच्या सरावासाठी घर गावातून शहरात आले, कर्ज काढले गेले. गहाण घर ते हे कर्ज, मध्ये 71 वर्षे.

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या पाच टक्के आरक्षणाने या चित्रात आणखी एक पदर घातला. 2005 च्या निर्णयानंतर प्रमाणपत्राला किंमत आली, आणि किंमत आली तशी बनावट प्रमाणपत्रेही आली. काही खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघड झाल्यावर पडताळणी कडक झाली. ती हवीच होती. पण त्याचा भार खऱ्या खेळाडूवरही पडला; जुने फॉर्म, स्पर्धेचे निकालपत्र, संघाची यादी जपून ठेवणे हे आता आईचे काम झाले आहे.

मनाच्या आरोग्याचा विषय तर अगदी अलीकडचा. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जगातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टपैकी एकीने, सिमोन बाइल्सने, मन थाऱ्यावर नाही म्हणून अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा इथल्या स्टाफरूममध्येही त्यावर बोलणे झाले. पण बोलणेच.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर सकाळी सात वाजता एक मुलगी बसलेली असते. स्पाइक्स काढून पिशवीत, डब्यातले शेंगदाणे-गूळ मांडीवर, गुडघ्यावर भूमितीची वही. एसटीचा मोफत पास तिच्याकडे आहे, पण तो गाव ते शाळा एवढाच. मैदानापर्यंतचे पैसे वेगळे. साडेदहाला शाळा आहे आणि तिसऱ्या तासाला तिचे डोळे मिटतात. तिच्या बाईंनी तिला शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायची मुभा दिली आहे.