पोर्टो : दोघांसाठी तीन रात्रींचा मुक्काम (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पोर्टो येथील तीन रात्रींच्या सहलीची नोंदणी केलेल्या, अथवा ती करण्याच्या विचारात असलेल्या जोडप्यांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. पोर्तुगालच्या उत्तरेस दोउरो नदी अटलांटिक महासागराला मिळते, त्या मुखापासून थोडे आत, नदीच्या उत्तर तीरावरील उभ्या उतारावर हे शहर वसलेले आहे. रेल्वे स्थानक, कॅथेड्रल, पूल आणि नदीकाठ ही सर्व ठिकाणे नकाशावर अगदी जवळजवळ दिसतात आणि तशी ती आहेतही. परंतु त्या थोड्याशा अंतरात किती चढ किंवा उतार आहे, हे सपाट नकाशावरून समजत नाही. त्यामुळे आमच्या सहलीचा आराखडा आम्ही अंतरावर नव्हे, तर उंचीवर बेतला आहे. वर जाताना वाहन आणि खाली येताना पायी, असा त्याचा साधा नियम आहे. ज्यांच्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच जास्त त्रासदायक ठरतो, त्यांनी नोंदणीच्या वेळी तसे अवश्य सांगावे, म्हणजे त्यांचे मार्ग आम्ही उलट दिशेने आखून देतो.

हॉटेल वर असावे की नदीकाठी?

नदीकाठच्या रिबेइरा भागात, पाण्यासमोरच्या रंगीत घरांच्या ओळीत खोली मिळावी, अशी इच्छा अनेक ग्राहक व्यक्त करतात. ती स्वाभाविक आहे, तरीही आमचा सल्ला वेगळा आहे. रिबेइरात राहिल्यास प्रत्येक सकाळ चढणीने सुरू होते, गल्ल्या अरुंद असल्याने मोटार दारापर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि रात्री उशिरापर्यंत उपाहारगृहांचा गोंगाट चालू असतो. म्हणून बाताल्या, सांव बेंतो किंवा त्रिंदादे या वरच्या बाजूच्या भागांत आम्ही हॉटेल सुचवतो. विमानतळावरून मेट्रोची ‘ई’ मार्गिका सुमारे अर्ध्या तासात थेट त्रिंदादे स्थानकावर आणून सोडते, त्यामुळे सामान घेऊन फार धावपळ करावी लागत नाही. जुनी इमारत असेल तर लिफ्ट आहे की नाही, याची खात्री आम्ही आरक्षणापूर्वीच करून घेतो. पोर्टोत राहणाऱ्या पर्यटकांकडून माणशी व प्रतिरात्र ठरावीक पर्यटन कर घेतला जातो. तो आमच्या शुल्कात धरलेला नसून हॉटेलातच भरावयाचा असतो.

मेट्रो आणि बससाठी ‘आंदांते’ नावाचे कार्ड लागते. एका कार्डावर दोघांना एकाच वेळी प्रवास करता येत नाही, त्यामुळे पती-पत्नींनी दोन स्वतंत्र कार्डे घ्यावीत. विमानतळावरून शहरात येण्यासाठी ‘झेड 4’ हा भाड्याचा पट्टा (झोन) निवडावा. मुंबई मेट्रोसारखी अडवणारी फाटके बहुतेक स्थानकांत नसल्यामुळे कार्ड यंत्राला लावायचे राहून जाण्याची शक्यता असते. गाडीत चढण्यापूर्वी आणि गाडी बदलतानाही ते लावणे बंधनकारक आहे, आणि तपासनीस आल्यास विसरलो ही सबब चालत नाही.

पूल आणि त्याभोवतीचा फेरा

पोर्टोत एकच गोष्ट निवांतपणे पाहायची असेल, तर ती राजा दों लुईश पहिला याच्या नावाचा लोखंडी पूल ही होय. तेओफिल सेरिग या अभियंत्याच्या आराखड्यानुसार बांधलेला हा पूल 1886 मध्ये खुला झाला. सेरिग हे पूर्वी गुस्ताव्ह आयफेल यांचे भागीदार होते, आणि नदीवर थोडे पुढे दिसणारा 1877 चा मारिया पिया रेल्वे पूल आयफेल यांच्याच कंपनीने उभारलेला आहे. त्यामुळे दोन्ही पुलांची कमान पाहून ते एकाच हातचे वाटावेत, यात नवल नाही. दों लुईश पुलाच्या मुख्य कमानीचा गाळा 172 मीटरचा आहे. त्याला दोन मजले असून वरच्या मजल्यावरून मेट्रो व पादचारी जातात, तर खालचा मजला नदीपातळीच्या रस्त्यांना जोडतो. दोन्ही काठांच्या वरच्या आणि खालच्या वस्त्या एकाच बांधकामाने जोडण्याची ही योजना या डोंगराळ शहराला अगदी साजेशी आहे.

पहिल्या पूर्ण दिवसासाठी आमची शिफारस पुढीलप्रमाणे आहे. दुपारनंतर सांव बेंतो येथून मेट्रोच्या ‘डी’ मार्गिकेने वरच्या मजल्यावरून नदी ओलांडून जार्दिम दो मोरो या स्थानकावर उतरावे. ज्यांना मेट्रोऐवजी पुलावरून चालत जायचे असेल, त्यांनी रुळांवर लक्ष ठेवावे, कारण पादचारी आणि गाड्या यांच्यामध्ये कठडा नाही. तेथून थोडीशी चढण चढल्यावर सेरा दो पिलार हा मठ लागतो. त्याचे चर्च आणि मठातील चौकही गोलाकार आहेत, आणि त्यासमोरील गच्चीवरून पोर्टोचा संपूर्ण उतार एका नजरेत सामावतो. हा मठ, पूल आणि जुने शहर मिळून 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यानंतर स्थानकालगतच्या जार्दिम दो मोरो उद्यानाजवळच्या रोपवेने खाली, पोर्टोसमोरच्या काठावरील गाया या शहराच्या घाटावर यावे, पुलाच्या खालच्या मजल्यावरून चालत रिबेइरात परतावे, आणि तेथून बाताल्यापर्यंतची चढण गिंदाइश फनिक्युलरवर सोपवावी. आपल्याकडे सप्तशृंगी गडावर आहे तशीच ही दोरखंडाने ओढली जाणारी गाडी असून तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे उन्हाळ्यात हा फेरा उशिरा सुरू केला तरी चालतो.

खालच्या घाटावर ज्या लांबलचक कौलारू वखारी दिसतात, त्यांत पोर्ट वाइन मुरवली जाते. द्राक्षे मात्र येथे पिकत नाहीत. ती नदीच्या वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूर असलेल्या डोंगरउतारांवर पिकतात, आणि त्या प्रदेशाच्या सीमा 1756 मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्किश दे पोंबाल यांच्या कारकिर्दीतच आखून दिल्या गेल्या. खोऱ्यातील उन्हाळा फार कडक असल्याने वाइन समुद्राजवळच्या थंड, दमट हवेत मुरवण्याची पद्धत पडली, आणि पिंपे आणण्यासाठी राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्या वापरल्या गेल्या. आता काठाला बांधलेल्या राबेलो प्रामुख्याने शोभेसाठी आहेत. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे मद्यार्क मिसळून ती क्रिया थांबवली जाते, म्हणून ही वाइन गोड राहते आणि तिच्यातील मद्याचे प्रमाण सुमारे 20 टक्के असते. वखारीची मार्गदर्शित फेरी न पिणाऱ्यांनाही आवडण्याजोगी आहे. मात्र चाखून झाल्यावर लगेच पायऱ्यांचा रस्ता धरू नये, असे आम्ही आवर्जून सांगतो.

जुने शहर

सांव बेंतो स्थानकात गाडी पकडायची नसली, तरी आत जावे. त्याच्या दालनात जोर्जे कोलासो यांनी रंगवलेल्या सुमारे 20,000 निळ्या-पांढऱ्या फरशा असून त्यांवर पोर्तुगालच्या इतिहासातील प्रसंग आहेत. त्यांतील एका चित्रात 1387 मध्ये राजा जुआंव पहिला आणि लँकेस्टरची फिलिपा यांच्या पोर्टोतील विवाहाचा प्रसंग आहे, आणि तो विवाह जिथे झाला ते कॅथेड्रल स्थानकापासून चालत काही मिनिटांवर उंचवट्यावर उभे आहे. कोलासो यांच्याच फरशा पणजीतील इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातही आहेत; गोव्याला वारंवार जाणाऱ्या आमच्या ग्राहकांनी निघण्यापूर्वी त्या एकदा पाहून घ्याव्यात.

क्लेरिगुश मनोरा हे निकोलाउ नासोनी या इटालियन वास्तुकाराचे काम 1763 मध्ये पूर्ण झाले. वर जाण्यासाठी दोनशेहून अधिक अरुंद पायऱ्या आहेत, आणि पुलाचा फेरा झालेला असेल तर हा मनोरा खालूनच पाहिला तरी फारसे काही चुकत नाही. सांव फ्रान्सिस्को चर्चबाबत मात्र आम्ही असे म्हणणार नाही. बाहेरून साध्या गॉथिक दिसणाऱ्या या इमारतीचा अंतर्भाग सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी कोरीवकामाने खांबांपासून छतापर्यंत भरलेला आहे. त्याला लागूनच असलेला व्यापारी संघाचा राजवाडा, पालासियो दा बोल्सा, फक्त मार्गदर्शकासोबत पाहता येतो. त्याची वेळ आम्ही आधी आरक्षित करतो. 1906 मध्ये सुरू झालेल्या लेलो या पुस्तकांच्या दुकानाची वळणदार जिना असलेली इमारत सुंदर आहे, परंतु गर्दी अफाट असते आणि प्रवेशासाठी तिकीट लागते. पुस्तक खरेदी केल्यास तिकिटाची रक्कम किमतीतून वळती होते, म्हणून खरोखर पुस्तक घ्यायचे असेल तरच आम्ही ते कार्यक्रमात धरतो.

तिसरा दिवस

या दिवशी लिस्बनला जाऊन येता येईल का, असे विचारले जाते. येते, पण दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो. त्यापेक्षा सांव बेंतोहून दोउरो खोऱ्यातील पिन्यांवपर्यंत रेल्वेने जावे. प्रवास सुमारे अडीच तासांचा आहे. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या धराव्यात, कारण रूळ नदीच्या उत्तर काठाने जातात. हवा पावसाळी असेल किंवा विश्रांती हवी असेल, तर 500 क्रमांकाच्या बसने नदीकाठाने समुद्रावरील फोश येथे जाऊन यावे. हिवाळ्यात तेथील दीपस्तंभाच्या धक्क्यावर लाटा आदळत असताना पुढे जाऊ नये.

जेवण, पादत्राणे, कागदपत्रे

फ्रांसेझिन्या या प्रसिद्ध पदार्थात गोमांस व डुकराचे मांस असते. काल्दो वेर्दे हे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप शाकाहारी दिसले, तरी त्यात बहुधा सॉसेजची चकती घालतात. ती न घालण्यास आधी सांगावे लागते. मागवण्यापूर्वीच टेबलावर ठेवलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज विनामूल्य नसतात. नको असल्यास त्यांना हात न लावता परत करावे. शाकाहारी व जैन ग्राहकांसाठी योग्य उपाहारगृहांची यादी आम्ही प्रवासाच्या कागदांसोबत देतो.

लहान दगडी चिऱ्यांचे पदपथ पावसात अतिशय निसरडे होतात, त्यामुळे रबरी तळाचे बूट आवश्यक आहेत. ऑक्टोबरनंतर पाऊस वाढतो. दोघांच्या निवांत सहलीसाठी मे, जून आणि सप्टेंबर हे महिने आम्हाला सर्वांत सोयीचे वाटतात. 23 जूनच्या रात्री सांव जुआंवचा उत्सव असतो, सारे शहर रस्त्यावर येते आणि लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे हलकेच मारतात. त्या रात्रीसाठी नोंदणी फार आधी करावी लागते.

पोर्तुगालसाठी लागणाऱ्या शेंगेन (युरोपातील अनेक देशांच्या सामाईक) व्हिसासाठीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा, तसेच विमा किमान 30,000 युरोंचा असावा. पती-पत्नी एकत्र प्रवास करत असले, तरी दोघांचे अर्ज वेगवेगळे भरले जातात. पासपोर्टवर पत्नीचे माहेरचे नाव असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच भेटीत आमच्या कार्यालयात आणावी.