रुतलेलं नख: नराणीपासून फिनॉलपर्यंत

गिरगावातल्या आमच्या चाळीत रविवारी सकाळी नाभिकमामा यायचे. दाढ्या उरकल्या की ज्याचा अंगठा ठणकत असेल त्याला पाय कोमट पाण्यात बुडवायला लावायचे आणि नराणीच्या, म्हणजे नखं काढायच्या हत्याराच्या, टोकानं नखाचा कोपरा उकरून काढायचे. लगेच बरं वाटायचं. महिनाभरात तोच अंगठा पुन्हा लाल! कोपरा खोल कापताना आत बारीक काटा राहतो आणि नख वाढेल तसा तो मांसात घुसतो, हे मामांना कोण सांगणार?

दुखणं प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेतल्या वीस शस्त्रांत 'नखशस्त्र' आहे आणि क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ आजारांत, 'चिप्प': नखाच्या मांसात ठणका, आग, पू. उपाय सांगितलाय तो गरम पाण्यानं शेकून, कापून निचरा करण्याचा. वर राळेची पूड आणि पट्टी. शेकणं आजही पहिल्या पायरीवर आहेच.

पुढे शल्यविशारद अख्खं नखच उपटू लागले. पण नख उगवतं ते मुळाशी, कातडीखाली असलेल्या पेशींतून. त्या शाबूत असल्यानं नवं नखही पुष्कळदा रुतायचंच. १९२९ मध्ये विनोग्रॅड यांनी नखाची फक्त कड, तिच्या मुळासकट, पाचरीसारखी कापायची पद्धत मांडली. १९४५ मध्ये ऑटो बोल यांनी तेवढं मूळ फिनॉलनं जाळायचं सुचवलं. फिनॉल म्हणजे आपलं कार्बोलिक, ब्रिटिश शल्यविशारद लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमेवर वापरलेलं. आजही अंगठा बधिर करून, कड काढून, कापसाच्या काडीनं ते मुळाशी लावतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.

नुसतं दुखत असेल तर शेक, सैल चप्पल आणि नख सरळ रेषेत कापणं पुरतं. पू आला, लाली पसरली, ताप आला तर डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांनी तर घरी कोरूच नये, पायाची संवेदना कमी झालेली असली तर जखम चिघळेपर्यंत कळत नाही.

मुंबईत पावसाळ्याची भर वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ आली. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातला जंतू फुटलेल्या कातडीतून आत शिरतो, आणि रुतल्या नखाची कड म्हणजे उघडी जखमच. ती घेऊन हिंदमातासारख्या सखल भागातल्या गुडघाभर पाण्यातून आलात तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीचं विचारा.