पुरातली बोट, जुनं मशीन आणि बारा व्होल्टची बॅटरी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. कोल्हापुरात हे आकडे पोरंसोरंही सांगतात. पाणी गावात शिरलं की वीज बंद होते आणि सगळी भिस्त यांत्रिक बोटीवर येते. बोटीमागचं जुनं मशीन दोरी ओढून सुरू होतं, त्याला बॅटरी लागत नाही. पण रात्री पाण्यात बुडालेले खांब, तारा, झाडांचे शेंडे दिसायला दिवा हवा, आणि दिव्याला बॅटरी हवी. ‘ती याच मशीनवर चार्ज होईल का?’ असं गल्लीतल्या पोरांनी मला उन्हाळ्यात विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला.

होते. मशीनचं वरचं झाकण काढलं की फ्लायव्हील, म्हणजे मशीनबरोबर फिरणारं जड चाक दिसतं. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि खाली तांब्याच्या तारेच्या कॉईल. चाक फिरलं की उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने कॉईलवरून सरकतात आणि तारेत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. यातली एक कॉईल प्लगच्या ठिणगीसाठी असते, तिला हात लावायचा नाही. दुसरी दिव्यासाठीची, म्हणजे लायटिंग कॉईल. काही मशीनना ती नसतेच, म्हणून आधी खात्री करावी.

या कॉईलमधून येणारा करंट सतत दिशा बदलतो, म्हणजे एसी असतो. बॅटरीला एकाच दिशेचा, डीसी लागतो. कॉईलच्या तारा थेट बॅटरीला जोडल्या, तर बॅटरीच कॉईलमधून रिकामी होऊ लागते आणि कॉईल तापून जळते. म्हणून मध्ये रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग. त्यातले चार डायोड विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखं काम करतात: पाणी वर जातं, मागे येत नाही.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. खरी गोची पुढे आहे. जुन्या स्कूटरचा हेडलाइट आठवा. चौकात गाडी उभी असताना मिणमिणता, आणि ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख. चाक जितकं वेगात, तितका व्होल्टेज जास्त. बॅटरीची मात्र सहनशक्ती ठरलेली. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. त्यापुढे बराच वेळ गेला की आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. आपल्याकडे म्हणतात, बॅटरी ‘उकळली’. सीलबंद बॅटरीत तर पाणी पुन्हा घालताही येत नाही, आणि हायड्रोजनजवळ ठिणगी म्हणजे स्फोट.

म्हणून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर हवाच. त्याची युक्ती मला विलक्षण वाटते. बॅटरी भरत आली की बरेचसे रेग्युलेटर कॉईलची दोन टोकं सरळ एकमेकांना जोडून टाकतात. शॉर्ट सर्किट! तरी कॉईल जळत नाही. तिच्यातला करंट स्वतःचं चुंबकत्व तयार करून बदलाला विरोध करतो, आणि वेग वाढेल तसा हा विरोधही वाढतो. त्यामुळे करंटला आपोआप मर्यादा पडते.

आता हिशेब. लहान मशीनची लायटिंग कॉईल साधारण ६० ते ८० वॉटची, म्हणजे पूर्ण वेगात पाचेक ॲम्पिअर. ३५ ॲम्पिअर-अवरची (म्हणजे एक ॲम्पिअर ३५ तास देऊ शकणारी) बॅटरी अर्धी उतरली, तर १७ ते १८ ॲम्पिअर-अवर भरून काढायचे. सरासरी तीन ॲम्पिअर धरले तरी सहा-सात तास. पण पुरात, माणसं बसलेली असताना गल्लीबोळातून बोट हळूच न्यावी लागते, तेव्हा जेमतेम एखादा ॲम्पिअर मिळतो. वीस वॉटचा एलईडी दिवाच पावणेदोन ॲम्पिअर खातो. म्हणजे बॅटरी उतरतच राहणार, फक्त सावकाश. एवढ्यासाठी ही जोडणी करावीच, असं माझं मत. पण पाऊस लागण्याआधी बॅटरी घरच्या चार्जरवर पूर्ण भरलेली हवी.

जोडणी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जाणत्या वायंडरकडून, म्हणजे कॉईल भरणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावी. बॅटरीजवळ फ्यूज हवा, आणि मशीन चालू असताना बॅटरीची तार काढायची नाही; व्होल्टेज उसळून रेग्युलेटर जाऊ शकतो. तपासणीसाठी मशीन पाण्याने भरलेल्या बॅरलवर बसवावं, कोरडं चालवलं तर थंड राहण्यासाठीचा त्याचा पाणीपंप खराब होतो. थोडा वेग देऊन मल्टिमीटर बॅटरीला लावावा. बंद असताना दिसणारे साडेबारा व्होल्ट आता १३.८ च्या पुढे सरकले, तर चार्जिंग चालू आहे. पंधरा दिसले, तर मशीन तिथेच बंद करावं.