निकालानंतरची आघाडी पटली नाही, तर मतदाराला कोणता अर्ज करता येतो?

प्रचारात एकमेकांची उणीदुणी काढणारे पक्ष निकालानंतर मांडीला मांडी लावून बसले, की चिडलेले मतदार अर्ज लिहायला घेतात. जिल्हाधिकारी, निवडणूक आयोग, राज्यपाल, सगळ्यांना एकच मजकूर जातो आणि पुढे काही होत नाही. कारण आघाडी करणं किंवा निवडणुकीआधीची युती मोडणं यावर कायद्याचं बंधनच नाही. कायदा पक्ष ओळखतो, युती ओळखत नाही. २०१९ मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या आघाडीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबरला फेटाळली, ती याच धर्तीवर. जाहीरनामा मोडला म्हणूनही दाद मिळत नाही आणि आमदार परत बोलावण्याची तरतूद नाही.

म्हणजे तक्रार आघाडीविरुद्ध नको, ठरावीक आमदाराविरुद्ध हवी. त्याचे मार्ग दोन.

पहिला, उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका. कारणं कायद्यात ठरलेली आहेत: मतदारांना लाच, धर्म-जातीच्या नावावर मतं मागणं, उमेदवाराची अपात्रता, चुकीने फेटाळलेला उमेदवारी अर्ज वगैरे. याचिका त्या मतदारसंघाच्या मतदाराला किंवा उमेदवारालाच करता येते. तुम्ही मतदान केलं की नाही याने फरक पडत नाही, पण नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत हवं. मतदार ओळखपत्राच्या झेरॉक्सवर भागत नाही. यादीतल्या त्या पानाची प्रमाणित प्रत काढून ठेवा.

सर्वांत जास्त घोळ मुदतीचा होतो. मुदत ४५ दिवस आहे, पण ती आमदार निवडून आल्याच्या तारखेपासून. सरकार बनल्यापासून किंवा आघाडी झाल्यापासून नव्हे. २०१९ चंच घ्या. निकाल २४ ऑक्टोबरला लागला, मुख्यमंत्र्यांचा शपथविधी २८ नोव्हेंबरला झाला. मुदत ८ डिसेंबरला संपत होती. शपथविधीपासून मोजणारा १२ जानेवारीपर्यंत निवांत बसला असता. इथे उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. महापालिका आणि नगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत, तिथे मुदत अवघी १० दिवसांची आहे.

अनामत २,००० रुपये, याचिका दाखल करतानाच. ‘नंतर भरतो’ चालत नाही, याचिका फेटाळावीच लागते. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रत ‘खरी नक्कल’ म्हणून तुमच्या स्वतःच्या सहीने. भ्रष्ट मार्गाचा (लाच, धर्म-जातीच्या नावावर मतं मागणं असा) आरोप असेल तर नमुना २५ मधलं शपथपत्र लागतं. त्यात कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीवर आणि कोणता ऐकीव, हे वेगळं लिहायचं असतं. टंकलेखकाने सगळ्याला एकच वाक्य लावून दिलं की समोरचा वकील तिथेच धरतो.

मोबाइलवरची क्लिप जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या क्लिपचा मूळ फोन कुणाकडेच नसतो, त्यामुळे हा कागद बहुतेकांना मिळत नाही. क्लिप ज्याने काढली त्यालाच गाठा, आणि लवकर गाठा.

दुसरा मार्ग पक्षांतराचा, विधानसभा अध्यक्षांकडे. इथे फक्त आमदारच अर्ज करू शकतो असा समज आहे. ओडिशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो खोडून काढला. सभागृहाबाहेरची संबंधित व्यक्तीही अर्ज करू शकते. पण आधी प्रकरण यात बसतं का ते पाहा. आख्खा पक्ष आघाडीत गेला तर पक्षांतर नाही. दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण दाखवलं तरी सुटका होते: गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, आणि अपात्रतेचे अर्ज अध्यक्षांनी फेटाळले ते याच तरतुदीवर. अपक्षाने सरकारला बाहेरून पाठिंबा दिला तर काही नाही. एखाद्या पक्षात प्रवेश केला तर मात्र तो अपात्र.

व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मतदान करायचं याचा पक्षादेश, मोडल्याचा आरोप मतदाराने शक्यतो टाळावा. व्हिपची प्रत पक्षाकडे असते, ती तुम्हाला कोण देणार? शिवाय पक्षाने १५ दिवसांत माफ केलं की विषयच मिटतो. त्यापेक्षा ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ हे कारण धरा. त्यासाठी लेखी राजीनामा लागत नाही, वागणुकीवरून ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गोव्याच्याच रवी नाईक प्रकरणात सांगितलं आहे. राज्यपालांना दिलेलं पत्र, दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावरची भाषणं, हे तारखांसह मांडा. अर्जावर आणि प्रत्येक जोडपत्रावर सही व सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी विधान) करा. जोडपत्रांवरची सही हमखास राहते आणि तेवढ्यावर अर्ज निकाली निघू शकतो.

निकालाची घाई मात्र अध्यक्षांना कधीच नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साधारण तीन महिने सांगितले होते. शिवसेनेतल्या जून २०२२ च्या फुटीनंतरच्या अर्जांवर निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, तोही न्यायालयाने वारंवार कान उपटल्यावर. म्हणून अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या आणि तीन महिन्यांनी लेखी स्मरणपत्र द्या. पुढे ‘निर्णय द्या’ एवढ्याच मागणीसाठी उच्च न्यायालयात जायचं झालं, तर हेच दोन कागद आधी मागितले जातात.