तीरकमठ्याचा मासा : शिकार की मासेमारी?

कोकणातल्या धरणांच्या काठी आणि नद्यांच्या कोंडींवर (डोहांवर) अलीकडे दोन तऱ्हेचे तिरंदाज दिसतात. एकाच्या हातात ऑनलाइन मागवलेले, रीळ आणि दोरी बसवलेले कंपाऊंड धनुष्य किंवा तशीच रीळवाली बेचकी असते. दुसऱ्याच्या हातात बांबूचा कामठा. पहिला मोबाइल लावून मासा मारतो आणि दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळे पाहतात. दुसऱ्याला कुणी पाहू नये असे वाटते. या फरकामागे मासा कमी आणि कागद जास्त आहे.

रायगड, ठाणे, पालघरच्या पट्ट्यात कातकरी, ठाकर, वारली यांच्याकडे तीरकमठा पिढ्यान्पिढ्या आहे. त्याने ससा-पाखरू मारतात हे सर्वांना ठाऊक असते, मासा मारतात हे नदीकाठी राहणाऱ्यांनाच. मराठीत जाळे टाकले की ‘पागणे’ म्हणतात, गळ टाकला की ‘गरवणे’. तिराने मासा मारण्याला वेगळे क्रियापद नाही, तिथे नुसते ‘मारणे’. पुढचा बराच गोंधळ इथूनच सुरू होतो, असे मला वाटते.

आधी हंगामाचे. वलगणीच्या (दक्षिणेत चढणीच्या) माशांशी तिराचा फारसा संबंध नाही. पहिल्या पावसात शेतात चढणारा मासा गढूळ पाण्यात असतो, तिथे बत्ती, कोयता, काठी आणि पाग चालतो. तिराला निवळ पाणी लागते. दिवाळी उलटली, ओढे आटत आले आणि मासा कोंडीत गोळा झाला की कामठा बाहेर निघतो, तो शिमग्यापर्यंत. कोकणातल्या नद्या आखूड, सह्याद्रीवरून धावत येऊन खाडीला मिळणाऱ्या. उन्हाळ्यात त्यांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात एखादी मरळ, शिवडा किंवा वाम अडकून राहते. मासा जिथे दिसतो तिथे नसतो, पाण्यामुळे तो वर उचललेला भासतो, म्हणून नेम खाली धरायचा. पाणी जितके खोल आणि तीर जितका तिरका, तितका आणखी खाली. हे पुस्तकात वाचून जमत नाही. मी दोन हिवाळे प्रयत्न केला आणि दगडांवर टोके बोथट करून घेतली.

म्हणजे गाबोळीने भरलेला मासा अंडी घालायला वर चढताना तिराने मारला जातो, हा आक्षेप चुकीच्या दारावर थाप मारतो. त्या दिवसांत मारा होतो तो कोयत्याने, आणि त्यात कातकऱ्यांबरोबर आम्ही सगळेच असतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी कमी मिळते, मग वलगणीवर उड्या पडतात. विणीच्या काळात महिनाभर नदीत हात घालू नये, हे म्हणणे योग्य आहे. पण ते म्हणायचे असेल तर सगळ्या हत्यारांना मिळून म्हणायला हवे.

आता तो शब्द. वनखात्याचा माणूस तीर पाहून ‘शिकार’ म्हणतो, तीर धरणारा ‘मासे’ म्हणतो, आणि कायदा दोघांनाही थोडे-थोडे देतो. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ मध्ये राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणे, गोळी घालणे, मासे धरणे, पाण्यात विष कालवणे आणि सापळे लावणे हे सगळे एकाच दमात लिहिले आहे. नदी जंगलातून वाहते, म्हणून नदीतला मासाही जंगलाचा. हा विचार १८७८ च्या वन कायद्यापासून रुजत गेला. त्याच काळात खैर तोडून काथ पाडण्याचा कातकऱ्यांचा मूळ धंदा जंगलबंदीने बसला, आणि ते कोळसाभट्टी, वीटभट्टी आणि दुसऱ्याच्या शेतावर गेले. काथ गेल्यावर हातात उरले त्यात नदी होती.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा गुंता वाढला. त्यात ‘शिकार’ होते ती ‘वन्यप्राण्या’ची, आणि वन्यप्राणी म्हणजे अनुसूचीत नाव असलेला प्राणी. माशांची नावे अनुसूचीत आली ती २००१ साली, व्हेल शार्क आणि इतर शार्क-पाकटांच्या रूपाने. आपल्या नदीतली मरळ किंवा शिवडा त्यात नव्हते. पण त्याच कायद्यातल्या ‘वन्यजीव’ या शब्दात मासे येतात, आणि अभयारण्यात वन्यजीवाला धक्का लावायचा नाही. म्हणजे तीच मरळ अभयारण्याच्या हद्दीबाहेर मासळी आणि हद्दीच्या आत वन्यजीव. कर्नाळा (१९६८), तानसा (१९७०) आणि फणसाड (१९८६) या तिन्ही अभयारण्यांच्या कडेला आदिवासी वाड्या आहेत. ओढ्याला हद्द दिसत नाही, वाडीतल्या पोरांनाही दिसत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे सुटेल असे वाटले होते. कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्ट मान्य केला आहे. पण पुढे, उरलेल्या पारंपरिक हक्कांच्या कलमात, वन्यप्राण्याची शिकार, सापळा लावणे आणि अवयव काढणे वगळले आहे. वाचणाऱ्याने पहिले कलम वाचले तर कामठा हे मासेमारीचे साधन, दुसरे वाचले तर शिकारीचे हत्यार. खरे तर या कायद्यातही ‘वन्यप्राणी’ म्हणजे वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतलाच, अशी व्याख्या दिली आहे. त्यामुळे साध्या नदीच्या माशाला दुसरे कलम लागू पडत नाही, असा माझा वाचनावरून निष्कर्ष आहे. पण व्याख्या कलम २ मध्ये असते आणि वाद ओढ्यावर होतो. सामूहिक दावे भरतानाही बहुतेक ठिकाणी डिंक, मध, गवत, जळण लिहिले जाते, मासा विसरला जातो. जिथे लिहिला जातो तिथे ‘जाळे, गळ’ असे लिहितात, कामठा कुणी लिहीत नाही. दावा नाकारला जाईल अशी भीती असते.

उलट १८९७ च्या मत्स्य कायद्याने ज्या गोष्टी नाव घेऊन गुन्हा ठरवल्या त्या स्फोटके आणि विष. शिक्षा तेव्हा दोन महिने किंवा दोनशे रुपये. जिलेटीनचा एक बार किंवा ब्लीचिंग पावडरची एक पिशवी कोंड रिकामी करते, पिल्लांसकट. जुनी गेळ्याची फळे किंवा कुंभ्याची साल कुटून टाकण्याची पद्धतही विषच, पण वाहत्या पाण्यात तिचा असर उतरतो. तीर एका वेळी एक मासा घेतो, तोही लागला तर. तरी कामठा लांबूनच दिसतो आणि पावडरची पिशवी दप्तरात मावते.

नव्या तिरंदाजांचा मासा मात्र वेगळा आहे. १९५७ मध्ये कार्प माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचे तंत्र देशात साधले आणि रोहू, कटला, मृगळ यांचे बीज धरणांत सोडता येऊ लागले. हे तिन्ही कोकणच्या नद्यांचे मूळचे रहिवासी नाहीत. तिलापियाही १९५२ नंतरचा पाहुणा. आफ्रिकन मांगूर तर बंदी असूनही तळ्यांतून निसटून नद्यांत पोचला आहे. अमेरिकेत हा खेळ वाढला तोच कार्पसारख्या नकोशा माशांवर, आणि बहुतेक राज्यांत गळाच्या खेळाचे मानाचे मासे तिराने मारायला मनाई असते. कारण साधे आहे, तीर लागलेला मासा परत सोडता येत नाही. आपल्याकडे तशी यादी नाही. मांगुरावर तीर चालवला तर मी टाळ्या वाजवीन. खडस (महाशीर) असेल तर नाही.

खडसाची गोष्ट निराळी. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या खडसाची शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केली तेव्हा नावही मराठी बोलीवरूनच, ‘खुदरी’, ठेवले. कोकणात महाडजवळ वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी हे मासे देवाचे म्हणून राखले आहेत. लोक चुरमुरे टाकतात, मासे पायाशी येतात, कुणी तीर काय, गळही टाकत नाही. कुठल्याही कलमाशिवाय हे चालत आले आहे.

तिराचा मासा बाजारात फारसा येत नाही. अंगाला भोक पडलेला, रक्त गेलेला मासा उन्हात लवकर उतरतो, आणि गिऱ्हाईक त्याला नाक मुरडते. म्हणून तो घरचाच. शिवड्याला आणि मरळीला चिखलाचा वास असतो, राख चोळून धुतल्याशिवाय तो जात नाही. मग मीठ-हळद, लसूण-मिरचीचे वाटण आणि आंबटाला चिंच किंवा आमसूल. कालवण पातळ ठेवतात, कारण खाणारी तोंडे जास्त. मोठा मासा असेल तर डोके त्या दिवशी, मधल्या तुकड्या दुसऱ्या दिवशी, आणि शेपटीकडचा भाग चुलीच्या धुरावर टांगून पुढच्या आठवड्याला.