पुण्याचा रस्ता कोणाचा: बीआरटी, मेट्रो आणि वेळेचे गणित

पुण्यातील स्वारगेट ते कात्रज हा सातारा रस्त्याचा जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा पट्टा गेल्या वीस वर्षांत सार्वजनिक वाहतुकीच्या दोन मोठ्या प्रकल्पांसाठी निवडला गेला. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज अशा सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली आणि तिचा अंदाजित खर्च 2,954 कोटी रुपये धरला. या दोन घटनांच्या दरम्यान महापालिकेच्या सभागृहात, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत जे वाद झडले, ते मुख्यतः बस हवी की मेट्रो, आणि मेट्रो खांबांवरून न्यायची की जमिनीखालून, यावर होते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोनच गोष्टी कळीच्या असतात: गाडी किती वेळाने येईल आणि आल्यावर किती वेगाने जाईल. या दोन्हींमागे साधे, तपासून पाहता येण्यासारखे गणित आहे. त्या गणिताचे उत्तर शेवटी रस्त्यावरील जागा कोणाला किती द्यायची यावर ठरते, आणि ती जागा वाटून देणे हे अभियंत्याचे नव्हे, शहराच्या राजकारणाचे काम आहे.

प्रथम प्रतीक्षेचा विचार करू. दर दहा मिनिटांनी नेमाने बस येत असेल, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. आता तासाला तितक्याच सहा बस ठेवा, पण त्या जोडीजोडीने येऊ द्या: एकामागोमाग दोन बस, मग वीस मिनिटे काहीच नाही. बहुतेक सर्वच प्रवासी त्या वीस मिनिटांच्या पोकळीत थांब्यावर येतात, त्यामुळे सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटे होते. बसची संख्या तीच, चालक-वाहकांचा पगार तोच, इंधन तेच, आणि प्रवाशाची प्रतीक्षा मात्र दुप्पट. परिवहन संस्थेच्या कागदावर ‘तासाला सहा फेऱ्या’ ही नोंद दोन्ही वेळा सारखीच राहते. म्हणूनच फेऱ्यांच्या आकड्यावरून सेवेची पारख करणे चुकीचे आहे. दोन बसमधील अंतर किती सम आहे, हे मोजायला हवे.

हे अंतर आपोआप सम राहत नाही, उलट आपोआप बिघडते. एखादी बस चौकात दोन मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात आणखी प्रवासी जमतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो आणि बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांब्यावर कमी माणसे मिळतात, म्हणून ती लवकर निघते आणि पुढच्या बसला गाठते. गॉर्डन न्यूवेल आणि रेन्फ्री पॉट्स या संशोधकांनी 1964 मध्येच ही अस्थिरता गणिताने मांडली होती. एकदा निर्माण झालेला छोटा उशीर मार्गावर पुढे सरकताना वाढतच जातो, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. तेव्हा ‘अर्धा तास बस नाही आणि मग एकदम तीन’ या पुणेकरांच्या नेहमीच्या तक्रारीचे खापर केवळ चालकांवर फोडणे अन्यायाचे आहे. बस इतर वाहनांच्या गर्दीत सोडली की असे होणारच.

वेगाचे गणित याहून थेट आहे. समजा, बारा किलोमीटरच्या एका मार्गावर बारा बस दिल्या आहेत. सरासरी वेग ताशी 12 किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस मिळते. राखीव मार्गिका, चढण्यापूर्वीच तिकीट आणि चौकात बसला प्राधान्य यांमुळे वेग 18 किलोमीटर झाला, तर फेरी 80 मिनिटांत पूर्ण होते. त्याच बारा बस आता दर पावणेसात मिनिटांच्या आतच मिळतात. एकही नवी बस न घेता सेवा दीडपट झाली. उलट कोंडीमुळे वेग ताशी आठ किलोमीटरवर आला, तर त्याच बस पंधरा मिनिटांनी येऊ लागतात. पुण्याचे रस्ते तुंबत गेले तसतसे बसचे पैसे वाया जात राहिले, आणि नव्या बसखरेदीच्या प्रत्येक घोषणेतील काही हिस्सा केवळ हरवलेला वेग भरून काढण्यात गेला. हा तोटा अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही, म्हणून त्यावर सभागृहात चर्चाही होत नाही.

बीआरटीची कल्पना हाच तोटा थांबवण्यासाठी होती. कोलंबियाच्या बोगोटा शहरातील डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेली बससेवा एका दिशेने तासाला 40,000 हून अधिक प्रवासी वाहून नेऊ शकली. अनेक शहरांतील मेट्रोही इतकी माणसे नेत नाही. मात्र तेथे स्थानकांवर एका बसने दुसरीला ओलांडून जाण्यासाठी जादा मार्गिका होत्या, तिकीट स्थानकात शिरतानाच काढले जाई आणि स्थानकाचा फलाट बसच्या दारांच्या उंचीचा होता. पुण्याच्या पहिल्या मार्गात यांपैकी बरेच काही नव्हते. राखीव मार्गिका सलग नव्हती, वेग जिथे सर्वाधिक हरवतो त्या चौकांत बस पुन्हा इतर वाहनांत मिसळत असे, आणि रस्त्याच्या मध्यभागी असलेल्या थांब्यापर्यंत पादचाऱ्याला धावत्या वाहनांतून वाट काढावी लागे. पुढे 2015 मध्ये ‘रेनबो बीआरटी’ या नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत हे अधिक विचारपूर्वक आखलेले मार्ग आले. पण पहिल्या प्रयोगाने लोकांच्या मनात जी अढी बसली, ती गेली नाही. नगर रस्त्यावरील येरवडा ते विमाननगर या भागातील बीआरटी 2023 मध्ये काढून टाकण्यात आली. त्या वेळी महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि रस्त्याच्या वाटपाचा इतका मोठा निर्णय नगरसेवकांच्या खुल्या चर्चेविना झाला, ही मला गंभीर बाब वाटते.

राखीव मार्गिकेविरुद्धचा सर्वांत परिणामकारक युक्तिवाद ‘ती तर रिकामीच असते’ हा आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. ज्या मार्गिकेतून मिनिटाला एक भरलेली बस जाते, ती साठ प्रवासी प्रतिबस या हिशेबाने तासाला 3,600 माणसे नेते. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला साधारण 800 ते 1,000 मोटारी जातात आणि मोटारीमागे दीड माणूस धरला तरी हा आकडा दीड हजारांपुढे जात नाही. तरीही शेजारच्या कोंडीत अडकलेल्या मोटारचालकाला बसची मार्गिका मिनिटातली पन्नासहून अधिक सेकंदे मोकळीच दिसते, कारण एका जागेवरून बस काही सेकंदांतच निघून जाते. म्हणजे मार्गिका जितकी उत्तम चालते, तितकी ती डोळ्यांना रिकामी दिसते. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा 5.8 किलोमीटरचा मार्ग 2008 मध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये उखडला गेला, त्यामागेही या दृश्याचा मोठा वाटा होता.

पुण्यात मात्र या हिशेबाला एक खास अडचण आहे, आणि बीआरटीच्या समर्थकांनी ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. येथे मोटारींपेक्षा दुचाकींचा भरणा अधिक आहे. दुचाकी रस्त्यावर कमी जागा व्यापते, त्यामुळे दुचाकींनी भरलेली मार्गिका मोटारींच्या मार्गिकेच्या दुपटीहून अधिक माणसे नेऊ शकते. राखीव मार्गिकेतून तीन मिनिटांनी एकच बस जात असेल, तर तासाला 1,200 माणसे होतात, आणि मग शेजारच्या दुचाकीस्वारांची तक्रार केवळ भासावर आधारलेली राहत नाही. राखीव जागा आणि भरपूर बस ही जोडी एकत्रच हवी. पुण्याने जागा आधी राखली आणि बस पुरेशा दिल्या नाहीत, हा माझ्या मते बीआरटीच्या अपयशाचा गाभा आहे.

मेट्रोला ही भांडणे टाळता येतात, कारण ती रस्त्यावरची जागा कोणाकडून मागतच नाही. खांबांवरून किंवा भुयारातून जाते. राजकीयदृष्ट्या हेच तिचे सर्वांत मोठे आकर्षण आहे, आणि त्यासाठी किंमत मोजावी लागते. दिल्ली मेट्रोने पुण्यासाठी 2009 मध्ये केलेल्या प्रकल्प अहवालानंतर उन्नत की भुयारी हा वाद अनेक वर्षे चालला. वनाज–रामवाडी मार्गाचा नदीपात्रातून जाणारा भाग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचला. अखेर डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने सुमारे 31 किलोमीटरच्या दोन मार्गांना 11,420 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. पेठांतील अरुंद रस्त्यांखालून भुयार आणि इतरत्र खांब, अशी त्यात तडजोड होती. पण खांबही वादातून सुटले नाहीत. 2021 मध्ये लकडी पुलावरील मेट्रोच्या पुलामुळे विसर्जन मिरवणुकीतील उंच रथांना अडथळा होईल म्हणून गणेश मंडळांनी विरोध केला आणि काम काही काळ रखडले. रस्त्यावरचे आकाशही सार्वजनिक जागाच असते आणि तिच्यावर लोकांचा जुना हक्क असतो, हे प्रकल्प आखताना विचारात घ्यायला हवे होते.

मेट्रोच्या प्रवासीसंख्येचे अंदाज हा वेगळाच विषय आहे. डॅनिश संशोधक बेंट फ्लुब्यर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये चौदा देशांतील 210 वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्येचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त आणि सरासरीने दुपटीहून अधिक फुगवलेला आढळला. रस्त्यांच्या बाबतीत चुका दोन्ही दिशांनी होत्या, रेल्वेच्या बाबतीत त्या एकाच दिशेने झुकलेल्या होत्या. अंदाजाच्या गणिती प्रारूपातील दोष इतक्या नेमाने एकीकडेच कलत नाहीत. मंजुरी मिळवण्याची ओढ आकड्यांना कलवते, हा त्यांचा निष्कर्ष मला पटतो. पुणे मेट्रोचे प्रवासी 2022 पासून वाढत आहेत, विशेषतः सप्टेंबर 2024 मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही शहराचा मोठा भार अजून पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या, बसवरच आहे.

स्वित्झर्लंडमधील झुरिकने हा पेच निराळ्या रीतीने सोडवला. ट्राम जमिनीखाली नेण्याची योजना तेथील मतदारांनी 1962 मध्ये आणि भुयारी रेल्वेची योजना 1973 मध्ये नाकारली. मग 1977 मध्ये त्यांनीच दहा वर्षांत 20 कोटी फ्रँक खर्च करून अस्तित्वातील ट्राम आणि बसना रस्त्यावर अग्रक्रम देण्याच्या प्रस्तावाला मत दिले. सिग्नलच ट्राम येताना ओळखून तिला वाट देऊ लागले आणि चौकातला खोळंबा जवळजवळ संपला. उपनगरी रेल्वे त्यांनी 1981 च्या मतदानात स्वीकारली आणि 1990 मध्ये ती सुरू झाली.

आपल्याकडे असा क्रम का साधत नाही, याचे उत्तर पैशाच्या वाटेत आहे. मेट्रो बांधण्याचा निधी मुख्यतः केंद्र, राज्य आणि परदेशी वित्तसंस्थांच्या कर्जातून येतो. बस रोज चालवण्याची तूट मात्र पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के अशी आपापल्या तिजोरीतून भरतात. बांधण्यास बाहेरून पैसा आणि चालवण्यास घरचा, अशी रचना असली की कोणताही नगरसेवक किंवा आयुक्त बांधकामाकडेच वळेल. त्याचा परिणाम मेट्रोलाही भोगावा लागतो. मेट्रो बारा किलोमीटर साधारण बावीस-पंचवीस मिनिटांत कापते, पण स्थानकापर्यंत आणणाऱ्या बससाठी पंधरा मिनिटे आणि उतरल्यावर पुढच्या बससाठी आणखी पंधरा मिनिटे थांबावे लागले, तर भुयारासाठी ओतलेल्या कोट्यवधींनी वाचवलेला वेळ दोन थांब्यांवरच संपतो आणि प्रवासी दुचाकीकडे परततो. स्वारगेट–कात्रज भुयाराचे काम पूर्ण होईपर्यंत काही वर्षे जातील. तोवर दोन्ही महापालिकांनी अंदाजपत्रकात स्थानकांना जोडणाऱ्या बसची तूट स्वतंत्र शीर्षाखाली धरावी, आणि पीएमपीएमएलने प्रत्येक मार्गावर दोन बसमधील प्रत्यक्ष अंतर दरमहा जाहीर करावे. बसमध्ये बसवलेल्या जीपीएस यंत्रांकडून ही माहिती मिळवता येते.