घिरट्या कशासाठी?

आभाळात वीस-पंचवीस शिकारी पक्षी गोल फिरताना दिसले की कुणीतरी म्हणतंच, "खाली काहीतरी मेलेलं असणार." कुणाला त्यात अपशकुनही दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात, स्थलांतराच्या दिवसांत, हा अंदाज बहुधा चुकतो. ते पक्षी जेवायला जमलेले नसतात, जिना चढत असतात.

ऊन सगळी जमीन सारखी तापवत नाही. नांगरलेलं कोरडं रान झटकन तापतं, शेजारची झाडी मागे राहते. तापल्या रानावरची हवा फुगून हलकी होते आणि वर निघते. हा थर्मल. चढताना ती दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी गार होते. भोवतालच्या हवेपेक्षा उबदार आहे तोवरच तिची चढण चालते.

आता गंमत बघा. पंख पसरून तरंगणारा पक्षी हवेच्या मानाने सतत खालीच येत असतो, समजा सेकंदाला १ मीटर. हवा सेकंदाला ३ मीटर चढत असेल, तर पक्ष्याच्या पदरात २ मीटर पडतात. पाच मिनिटांत ६०० मीटर, तेही पंख न फडफडवता! पण चढत्या हवेचा हा स्तंभ अरुंद, म्हणून गिरकी. तिची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि वळताना पक्षी जितका कलतो त्या कोनाच्या टॅन्जंटचा गुणाकार. वेग सेकंदाला १० मीटर, कल ३० अंश धरला तर उत्तर येतं सुमारे १८ मीटर. वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट, आणि पक्षी स्तंभाबाहेर. रुंद पंखांचे गरुड, मधुबाज सावकाश का फिरतात, ते यात आलं. माथ्यावर पोचले की पंख थोडे आवळून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं.

समुद्रावर असे जिने फारसे मिळत नाहीत. म्हणून ही मंडळी चिंचोळ्या वाटा शोधतात: जिब्राल्टरची जेमतेम १४ किलोमीटरची सामुद्रधुनी, किंवा काळा समुद्र आणि कॉकेशसच्या मधली जॉर्जियातली बातुमीची पट्टी. बातुमीला एका शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले आहेत. टोकदार पंखांचा अमूर ससाणा मात्र पंख मारत, वाऱ्याची पाठ घेत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो.

तेव्हा गरुड बघायला पहाटे उठू नका. ऊन चढू द्या, आणि दुर्बीण थर्मलच्या माथ्यावर जमणाऱ्या सपाट बुडाच्या पांढऱ्या ढगांखाली फिरवा.